परतीची तार

किल्ली फिरवली की इंजिनाने घसा खाकरून उठावं, एवढीच माणसाची अपेक्षा. त्याऐवजी 'टक' झालं. बापूने पुन्हा फिरवली, तर कटकटकटकट, कढईत फुटाणे फुटावेत तसं. बापूने माझ्याकडे पाहिलं, मी बापूकडे, आणि मागे बसलेल्या चार पक्षीवेड्यांनी आम्हा दोघांकडे. नोव्हेंबरातली सकाळ, पाण्यावरचं धुकं नुकतं विरलेलं. तापी आणि पूर्णा एक होतात तिथून थोडं खाली, हतनूर धरणाच्या फुगवट्यात आम्ही मधोमध. चक्रवाक आपापल्या कामात. लांबवर चांगदेवाचं देऊळ, काळ्या दगडाचं.

"माउलीनं भिंत चालवली, दादा," बापू हळूच म्हणाला, "आन् आपल्याच्यानं बोट चालंना."

चांगदेव वाघावर बसून आले आणि माउली भिंतीवर बसून सामोरे गेले, ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. त्या चांगदेवाच्याच दारात ही फजिती. याच तापीकाठी मुक्ताई विजेच्या कडकडाटात गुप्त झाली असं मानतात, आणि आम्हाला साधे १२ व्होल्ट जुळेनात. खालचं पाणी दीपनगरच्या वीजकेंद्राला जातं, त्या पाण्याच्या वाफेवर अर्ध्या गावांचे दिवे लागतात, हे मला त्या क्षणी आठवायची काहीच गरज नव्हती. पण आठवलं.

बोट बापूची. बापू माझा धाकटा चुलतभाऊ, केळीचा बागायतदार. एका वर्षी भाव बरा मिळाला आणि त्याच्या डोक्यात बोटीने घर केलं. कोकणातल्या एका माणसाकडून त्याने १६ फुटी फायबरची जुनी बोट आणली. तिच्या पाठीला टांगलेलं ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन, किल्लीवर चालू होणारं. परवानगीचे कागद जमवायला बोट आणायच्या चौपट वेळ गेला, पण ती कहाणी निराळी. हिवाळ्यात पक्षी बघायला माणसं येतात, महाशिवरात्रीला यात्रा असते. बोट पोटापुरतं कमावते आणि उरलेल्या दिवसांत आम्ही दोघं तिच्यावर हौस भागवतो. मी जळगावात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. गेली २४ वर्षं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याची लाज वाटण्याचा प्रसंग आहे.

त्या सकाळी आम्ही जे जे सुचलं ते केलं. गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये आहे ना ते पाहिलं. गिअर पडलेला असेल तर ही इंजिनं सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटार) मारूच देत नाहीत, आणि ते बरंच आहे, नाहीतर किल्लीसरशी बोट उडी मारून माणूस पाण्यात टाकेल. चालकाच्या मनगटाला अडकवायची, तो पडला तर इंजिन बंद करणारी लाल दोरी जागेवर होती. फ्यूज शाबूत होता. बापूने पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगाही चारदोनदा दाबला, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला. सेल्फच फिरत नाही तिथे पेट्रोलचा काय दोष? पण अडचणीत माणूस ओळखीच्या सगळ्या देवांना नमस्कार घालतो.

इंजिनाच्या टोपीखालच्या चाकाला दोरी गुंडाळून हिसका द्यायची सोय असते. सेल्फ मेला तरी माणूस घरी येतो, ते त्या दोरीमुळे. दोरी कुठे होती? बापूच्या गोठ्यात, म्हशीच्या गळ्यात. वल्हं एकच होतं, आणि एका वल्ह्याने १६ फुटी बोट फक्त गोल फिरते. शेवटी एका मासेमाराने आम्हाला आपल्या नावेमागे बांधून काठाला आणलं. पैसे घेतले नाहीत. "दोन वल्ही ठेवत जा," एवढंच म्हणाला, आणि ते पैसे दिल्यापेक्षा जास्त लागलं.

काठावर आल्यावर बापूने सहज किल्ली फिरवली. घर्रर्र करून इंजिन पहिल्या फटक्यात उठलं.

ज्याने जुनी गाडी, जुना ट्रॅक्टर किंवा शेतातली जुनी मोटार सांभाळली आहे, त्याला हे दुखणं माहीत असतं. डॉक्टरच्या दारात गेलं की पोटाचं दुखणं थांबतं, तसं. बिघाड कायमचा झाला तर सापडतो. येऊन-जाऊन असला की माणसाची बुद्धी नासवतो.

कटकट आवाज आला की आपल्याकडे निदान ठरलेलं : बॅटरी डाऊन. आणि ते चुकीचं नसतं. सेल्फला जाणारा जाड करंट किल्लीतून जात नाही. किल्ली फक्त सोलेनॉइडच्या गुंडाळीला थोडा करंट देते. ती गुंडाळी चुंबक होऊन आतला तांब्याचा पूल खाली ओढते (तो 'टक'), आणि मग त्या पुलावरून शंभर-दीडशे अँपिअर सेल्फकडे धावतात. बॅटरी अशक्त असेल तर एवढी मागणी आल्याबरोबर तिचे व्होल्ट कोसळतात. व्होल्ट कोसळले की चुंबक सुटतो, पूल वर जातो. पूल वर गेला की मागणी संपते, बॅटरी सावरते, चुंबक पुन्हा ओढतो. सेकंदाला कितीतरी वेळा हे चालतं, आणि आपल्याला फुटाणे ऐकू येतात.

म्हणून बॅटरी बदलली. जुनी ३ वर्षांची होती आणि आमच्याकडे ३ वर्षं म्हणजे बॅटरीचं म्हातारपण. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. आतलं पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात. त्यामुळे दुकानदाराने 'गेली' म्हटलं तेव्हा आम्ही मान डोलावली. नवी बॅटरी तीन रविवार चालली. चौथ्या रविवारी, एका बेटाजवळ, कटकटकट. या वेळी दोरी बरोबर होती. बापूने बाही वर सारून ती चाकाला गुंडाळली आणि अशी ओढली की इंजिनाबरोबर तोही चालू झाला. पाठ आठवडाभर धरली होती.

मग सेल्फ उघडला. कार्बन घासले होते, बदलले, बूश बदललं. मग सोलेनॉइड नवा आणला. दर वेळी काठावर सगळं झकास, दर वेळी पाण्यात दोनचार फेऱ्यांनंतर तेच. खर्च अकरा हजारांवर गेला. नवी वस्तू लावली की काही दिवस मन शांत राहतं, हाच त्या वस्तूचा मोठा उपयोग. आम्ही ती शांती थोडी थोडी विकत घेत होतो.

मधल्या काळात मी मल्टिमीटर घेऊन बसलो होतो, ते सांगायचं राहिलं. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी निवांत असताना एवढेच दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे आटोपली. सोलेनॉइडवर १२.६. सेल्फच्या खिळ्यापर्यंत तार पोचते का ते बीप लावून पाहिलं (वाट अखंड असली की मीटर वाजतो), बीप वाजली. काळ्या तारेलाही बीप वाजली. वहीत आकृती काढली, प्रत्येक जोडापुढे बरोबरची खूण केली आणि बापूला सांगितलं, वायरिंग शंभर टक्के ठीक आहे, दोष इंजिनात असणार.

बापूचा स्वतःचा एक सिद्धांत होता. त्याच्या शेतात विहिरीवर मोटार आहे. एक फेज गेला की ती नुसती हूं करते हे त्याला दोन शेतं पलीकडून कळतं. आणि मोटार म्हटली की अर्थिंग आलं. खड्डा, तांब्याची पाटी, मीठ, कोळसा, वरून बादलीभर पाणी. "दादा, बोटीले अर्थिंगच नई," तो म्हणाला. आणि एका रविवारी मी येण्याआधी त्याने इंजिनाच्या बोल्टाला तांब्याची तार बांधून, तिच्या टोकाला मोठा नट लावून, ती सरळ तापीत सोडली. "पान्याहून चांगलं अर्थिंग कोनतं?"

मी हसलो. तेही माझ्या अंगलट यायचंच होतं. कारण बापू चुकला होता, पण चुकून का होईना, तो योग्य तारेजवळ उभा होता. मी लाल तारेजवळ उभा होतो.

भरताचे दिवस होते. काठावर पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायची, ठेचायची, मिरची, लसूण आणि कांद्याची पात घालायची आणि पुऱ्यांबरोबर हाणायची, हा आमच्याकडे जानेवारीचा धर्म. त्या निमित्ताने भुसावळहून मामा आले. मामा रेल्वेच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून रिटायर. वय ७१, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं लेवा पाटलाचं. बापूने वांगी उलटीपालटी करता करता सगळी कहाणी सांगितली. मामांनी मधे एकच प्रश्न विचारला.

"बंद पडली तवा तोंड कुठी होतं?"

"कोणाचं, मामा?"

"इंजिनाचं रे भो. सरळ होतं का वळेल?"

आम्ही दोघं गप्प. कोणाला आठवणार? मग मला एक फोटो आठवला, पहिल्या दिवशी एका पाहुण्याने काढलेला : आम्ही दोघं इंजिनावर वाकलेलो, मागे पक्ष्यांचा थवा. मोबाइलमध्ये शोधला. इंजिन पूर्ण डावीकडे वळलेलं. पक्ष्यांजवळ जाताना आम्ही नेहमी वळसा घालून, डावीकडे वळतच, इंजिन बंद करायचो. आणि काठावर लावताना सरळ.

मामा उठले. आधी बोटातली अंगठी काढून खिशात टाकली. सोन्याची अंगठी बॅटरीच्या प्लस आणि पान्याच्या मधे सापडली तर लाल होते आणि बोट घेऊन जाते; शेडमध्ये त्यांनी एकाचं बोट पाहिलेलं आहे. मग बोटीत वाकून वास घेतला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बुडाशी साचून राहते, आणि बॅटरीतूनही चार्ज होताना हायड्रोजन निघतो. ठिणगी उडवायच्या आधी नाक वापरावं, असं त्यांचं म्हणणं. मग माझा मल्टिमीटर मागितला.

पहिलं माप बॅटरीवरच. क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खुंट्यांवर. "आता इंजिन डावीकडं वळव आन् मार किल्ली." कटकटकट. मीटरवर १२.३.

"काय दिसते?"

"१२.३."

"मंग बॅटरी कुठी डाऊन आहे? बॅटरी दमेल असती तर काटा नव्वाच्या खाली पडला असता. तिले इथं कोनी काम सांगूनच नई रायलं."

काटा नव्हता, आकड्यांचा मीटर होता, पण मामांच्या तोंडी काटाच. मी त्या १२.३ कडे बघत राहिलो. आवाज तोच, फुटाणे तेच, पण बॅटरी अशक्त असती तर तिच्या खुंट्यांवरच व्होल्ट पडले असते. ते पडले नाहीत, म्हणजे ते वाटेत कुठेतरी पडत होते. हे माप घ्यायला मला कोणी अडवलं नव्हतं. फरक इतकाच की मी सगळी मापं किल्ली बंद ठेवून घेतली होती.

दुसरं माप : एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरं सेल्फच्या खिळ्यावर. एकाच तारेची दोन टोकं. तार चांगली असेल तर दोन्हींत फरक जवळपास शून्य हवा. इंजिन सरळ केलं, किल्ली मारली, सेल्फ कण्हत फिरला. ०.३ व्होल्ट. "लाल तुझी चांगली आहे."

तिसरं माप : एक टोक मायनस खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. किल्ली. ३.१ व्होल्ट.

मामांनी मान वर केली नाही. "आता डावीकडं." आकडे नाचायला लागले, पाच, आठ, चार, नऊ. कटकटकट. बापूच्या हातातलं वांगं जळत होतं आणि तो ते आगीवर तसंच धरून उभा होता.

मग मामांनी बोटाची पाठ काळ्या केबलच्या इंजिनाकडच्या टोकाला, थिंबलच्या (तारेच्या टोकाला ठोकलेल्या, बोल्टात बसणाऱ्या कड्याच्या) मानेशी लावली आणि झटकन काढली. "लाव हात." मी लावला. चटका बसला. आसपासची सगळी बोट जानेवारीच्या वाऱ्याने गार, आणि ती एवढीशी जागा चहाच्या कपासारखी गरम.

गणित सोपं आहे, इतकं की मी ते दर वर्षी जुलैत फळ्यावर लिहितो. सेल्फ साधारण १०० अँपिअर खेचत असेल आणि ३.१ व्होल्ट एका जोडात पडत असतील, तर त्या जोडाचा रोध ०.०३१ ओहम. ओहमचे एकतीस हजारांश, म्हणजे व्यवहारात काहीच नाही. माझ्या मीटरच्या स्वतःच्या दोन लाल-काळ्या तारांचा रोध याच्या सात-आठपट असतो, तो हे कसं दाखवणार? आणि बीप तर एका केसाएवढ्या तारेलाही वाजते. पण १०० अँपिअर त्या 'काहीच नाही'तून जायला लागले की तिथे ३०० वॉट उष्णता होते, घरातले चार पंखे चालतील एवढी वीज बोटाच्या पेराएवढ्या जागेत. बाकीचे व्होल्ट घेऊन सेल्फने कण्हायचं नाही तर काय करायचं?

जॉर्ज ओहमने हा नियम १८२७ मध्ये पुस्तकात मांडला. तोही शाळामास्तर होता, कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा, आणि बाप कुलपं बनवणारा. पुस्तकाचं स्वागत इतकं थंड झालं की त्याने नोकरी सोडली. रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळायला १८४१ उजाडलं. मी हे मुलांना सांगतो तेव्हा 'बिचारा' म्हणतो. कुलूपवाल्याच्या मुलाला हातात तार घेतल्यावर काय कळत असेल, याचा विचार मात्र मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता.

मायनस आधी सोडायचा, मग प्लस, जोडताना उलट. प्लस आधी सोडायला गेलं आणि पाना चुकून मायनसला जोडलेल्या कुठल्याही धातूला लागला तर थेट शॉर्ट. मायनस सुटलेला असला तर पाना कुठेही टेकवा. एवढं करून मामांनी काळी केबल बाहेर काढली, थिंबलपासून वीतभर अंतरावर रबर उभं चिरलं आणि सोललं.

आत तांबं नव्हतंच म्हणायला हरकत नाही. काळी पडलेली, ओलसर, तुटकी तुसं. थिंबलच्या तोंडाशी निळसर हिरवी भुकटी. "मोरचूद!" बापू ओरडला. रंग पाहून शेतकरी दुसरं काय म्हणणार. मोसंबीच्या बुंध्याला चुन्याबरोबर लावायचं तेच, कॉपर सल्फेट. बॅटरीच्या टोकाशी तांब्यावर येते ती निळी बुरशी खरोखर बरीचशी मोरचूदच असते, आम्लाची करणी. इथे बॅटरीपासून लांब, समुद्राच्या मिठाने केलेले हिरवे क्षार असावेत. पण मी वाद घातला नाही. माझी वाद घालायची पत त्या दुपारी राहिली नव्हती.

मग हळूहळू केबलची जन्मकथा निघाली. बोट आणली तेव्हा बॅटरी मागे, इंजिनाजवळ होती. पाठ जड होते म्हणून बापूने ती पुढच्या सीटखाली हलवली. केबली लांब हव्या झाल्या. ज्या माणसाने काम केलं त्याने लाल तार नवी, चांगली जाड टाकली. काळीची वेळ आली तेव्हा बोटीच्या पोटात आधीच्या मालकाने टाकून दिलेलं वेल्डिंगच्या केबलचं एक वेटोळं पडलं होतं. "ही आहेच की," म्हणून तीच लावली. थिंबल दाबायचं यंत्र नव्हतं, हातोडीने ठोकलं. ती केबल कोकणात किती पावसाळे खारं पाणी पीत पडली होती कोण जाणे. बोटीसाठी तार घेताना तांब्याच्या प्रत्येक धाग्यावर कथलाची कलई असलेली घेतात, ती यासाठीच; साध्या तांब्यात पाणी एकदा टोकातून शिरलं की रबराच्या आतून वातीसारखं चढत जातं. वर इंजिन प्रत्येक वळणावर त्या मानेला मुरगळत होतं. एकेक धागा तुटत गेला. सरळ उभं असताना उरलेले धागे एकमेकांना टेकायचे, डावीकडे वळलं की सुटायचे.

"पन मामा," बापू म्हणाला, "मायनसच ना? ट्रॅक्टरले तर मायनस चेसिसले टेकवला की झालं."

मामांना हाच प्रश्न हवा होता बहुतेक. ट्रॅक्टरला, ट्रकला, मोटारसायकलला लोखंडी अंग असतं. दिव्याला एक तार न्यायची, परतीला सगळं अंग आहे. म्हणून रस्त्यावरच्या गाड्यांचे इलेक्ट्रिशियन टेस्ट लॅम्पचं एक टोक डोळे झाकून बॉडीला लावतात. फायबरच्या बोटीला बॉडी कुठे आहे? फायबर म्हणजे या बाबतीत लाकूड. जितका करंट लाल तारेने येईल तितकाच, एक अँपिअरही कमी नाही, काळ्या तारेने बॅटरीत परत जायला हवा. पाण्यात सोडलेल्या तारेचा काही उपयोग नाही, कारण करंटला तापीत जायचं नाही, जिथून निघाला त्या बॅटरीत जायचं आहे. शेतातलं अर्थिंग माणूस वाचवायला असतं. त्याच्या जिवावर मोटार फिरत नाही.

"आमच्या इंजिनाले वरून पंचवीस हजार व्होल्ट येते," मामा म्हणाले. वांगी झाली होती, ते आता पुरीच्या तुकड्यावर भरीत घेत होते. "फाटकावर उभे रायलेले लोकं वर पायते. तार वर, तारेले टेकनारा पॅन्टो वर. खाली कोनी पायत नई. तोच करंट चाकातून रुळात उतरते आन् रुळातून सबस्टेशनले वापस जाते. अॅक्सलवर त्याच्यासाठी ब्रश असते, रिटर्नचे. ते ब्रश बसवले नई तर करंट बेअरिंगातून वाट काढते, आन् बेअरिंग खाऊन टाकते. नवीन पोरगं शेडमंदी आलं की मी त्याले पयले खाली बसवायचो. चाकाजवळ."

मी २४ वर्षं मंडलाची आकृती काढतो. बॅटरीच्या प्लसपासून सुरू करतो, बाण काढत दिव्यापर्यंत येतो, तिथे थांबून बोलतो, रोध, विभवांतर, सगळं. आणि मग दिव्यापासून मायनसपर्यंतची रेघ एका फटकाऱ्यात पूर्ण करून फडकं उचलतो.

दुरुस्तीचं काय सांगायचं? ती सोपीच होती. कलई केलेली केबल, दोन्ही रंगांची, एकाच जाडीची. थिंबलं यंत्राने दाबून घेतली, तोंडावर आतून डिंक असलेली, तापवली की आवळणारी नळी बसवली. बॅटरी पुन्हा मागे नेली आणि पुढच्या सीटखाली पाण्याचे कॅन ठेवले. बॅटरीवरचे फुलपाखरी नट काढून साधे षटकोनी, आत नायलॉनचं कडं असलेले लावले, कारण इंजिनाच्या थरथरीने फुलपाखरं सैल होतात. टोकांना व्हॅसलीन. इंजिनाच्या मानेशी केबलला एक ढिला वळसा ठेवला, वळताना ताण पडू नये म्हणून. मग तेच तिसरं माप पुन्हा घेतलं, इंजिन पूर्ण डावीकडे ठेवून. ०.२ व्होल्ट. तेराशे रुपये खर्च आला. तीन महिन्यांत बदललेल्या बॅटरी, कार्बन, सोलेनॉइडचा हिशेब बापूने मला विचारला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

कापून काढलेला तो तुकडा मी प्रयोगशाळेत नेला. पोरांना हातात देतो. बीप लावून बघा म्हणतो, वाजते. मग जुनी बॅटरी आणि हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब जोडून तोच तुकडा मधे घालतो, आणि वाकवतो. बल्ब पिवळा पडतो, लाल होतो, परत उजळतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, सर, मग मीटर खोटं बोलत होता का? मी म्हटलं, नाही, जे विचारलं त्याचं उत्तर देत होता. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही विचारलं नाही. वर्ग हसला. तिचे वडील ऑटो-इलेक्ट्रिशियन आहेत, हे मला नंतर कळलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही पुन्हा संगमाकडे गेलो. तेच चौघं पक्षीवेडे. मोठ्या मनाचे म्हणायचे. म्हशीची दोरी बोटीत, वल्ही दोन. बापूने चक्रवाकांच्या थव्याकडे लांबून वळसा घेतला, डावीकडे वळत इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. इंजिन तसंच वळलेलं. अर्धा तास कोणी बोललं नाही. कॅमेऱ्यांची बारीक टिकटिक तेवढी. मला पक्षी दिसत होते, पण खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष किल्लीत.

शेवटी बापूला राहवेना. त्याने हात पुढे केला आणि कोणी काही म्हणायच्या आत किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात गरजलं. दीडदोनशे चक्रवाक एकदम उठले, आमच्या डोक्यावरून एक मोठी केशरी चक्कर मारून धरणाच्या दिशेने निघून गेले, आणि पुढे बसलेल्या बाईंनी कॅमेरा खाली घेऊन अतिशय थंड आवाजात विचारलं, "एवढी काय घाई होती?"